रात्रदुर्बीण: घ्यावी कीं न घ्यावी?

मार्गशीर्ष-पौषांतील अंधाऱ्या रात्रीं दिवेआगरच्या अथवा हरिहरेश्वरच्या किनाऱ्यावर जो मनुष्य जाऊन उभा राहतो, त्याला पहिलीं पांच मिनिटें जवळजवळ कांहींच दिसत नाहीं. लाटांचा आवाज कानीं येतो, सुरूच्या बनांतून वारा वाहत असतो, पायांखालीं वाळू आहे इतकेंच समजतें. ह्याच पांच मिनिटांत खिशांतील बॅटरी पेटविण्याचा मोह अनावर होतो. आणि ह्याच पांच मिनिटांच्या भांडवलावर अलीकडे एका नव्या वस्तूचा बाजार उभा राहिला आहे. इंग्रजींत तिला नाइट व्हिजन मोनोक्युलर म्हणतात. मराठींत रात्रदुर्बीण म्हटल्यास चालेल. मुठींत मावणारी, एकाच डोळ्याला लावावयाची ही दुर्बीण काळोखाचा उजेड करते, अशी तिची ख्याति आहे.

समजा, श्रीवर्धन तालुक्यांतील एखादे निवृत्त शिक्षक गांवच्या तरुणांबरोबर कासवांच्या राखणीचें काम पाहत आहेत. मंडळाजवळ थोडीशी वर्गणी जमली आहे. तरुण म्हणतात, “गुरुजी, दुर्बीण घेऊं या. अंधारांत दिव्याशिवाय राखण करायची तरी कशी?” वडीलधाऱ्यांचें म्हणणें असें, कीं त्याच पैशांत घरट्यांभोंवतीचें जाळीचें कुंपण नवें होईल आणि राखणदाराच्या हंगामाच्या मेहनतान्याची सोय होईल. दोन्ही बाजूंना वजन आहे. म्हणून गुरुजींना हा प्रश्न मुळापासून पाहणें भाग आहे.

मूळ म्हणजे मनुष्याचा डोळा. डोळ्याच्या पडद्यावर दोन प्रकारच्या पेशी असतात. शंकूच्या आकाराच्या पेशी दिवसाचें व रंगांचें काम करतात. दंडाकार पेशी रात्रीचें. दंडाकार पेशींतील प्रकाशग्राही द्रव्य उजेडांत विरघळून जातें आणि अंधारांत हळूहळू पुन्हा भरतें. हें भरणें पुरेसें होण्यास सुमारें अर्धा तास लागतो. बॅटरीचा एक झोत किंवा फोनच्या पडद्याकडे टाकलेला एक दृष्टिक्षेप अर्ध्या तासाची ही सगळी कमाई क्षणांत घालवितो. रात्रीं जहाजाच्या चालककक्षांत अंधार ठेवतात तो ह्याचसाठीं. आणखी एक गंमत अशी, कीं पडद्याच्या अगदीं मध्यभागीं दंडाकार पेशी नसतातच. त्यामुळें अंधुक वस्तूकडे रोंखून पाहिलें तर ती नाहींशी होते, आणि किंचित् बाजूला पाहिलें तर दिसूं लागते. पुष्कळ लोक स्वतःचा हा डोळा एकदांही न वापरतां दुकानांत जातात.

दुसरी गोष्ट चंद्राची. पौर्णिमेच्या तुलनेनें अष्टमीचें चांदणें निम्में असावें असें सहज वाटतें. पण तें सुमारें दहावा हिस्साच असतें. केवळ ताऱ्यांचा उजेड त्याहूनही कितीतरी उणा. महाराष्ट्रांतील अभयारण्यांत पाणवठ्यांवरची प्राणिगणना वैशाखी पौर्णिमेस, म्हणजे बुद्धपौर्णिमेच्या रात्रीं, मचाणावर बसून करण्याची प्रथा पडली ती ह्या हिशोबानेंच. मुरूड व रोहें तालुक्यांतील फणसाडचें रान पूर्वीं जंजिऱ्याच्या नबाबाचें शिकारीचें रान होतें; १९८६ सालीं तें अभयारण्य झालें. तेथें पानांच्या दाट छताखालीं पौर्णिमाही लंगडी पडते. उघडी पुळण आणि दाट रान ह्यांचा काळोख एक नव्हे, आणि ज्याला जेथें पाहावयाचें त्यानें तेथल्या काळोखाचा विचार करावा.

चांदण्यांत साध्या दुर्बिणीचा उपयोग किती होतो हें थोड्यांनाच ठाऊक असतें. सात पट मोठें दाखविणारी व पन्नास मिलिमीटर भिंगाची दुर्बीण दर्यावर्दी लोक रात्रीं वापरीत आले. पन्नासाला सातानें भागल्यास सुमारें सात मिलिमीटर रुंदीचा प्रकाशझोत डोळ्याशीं येतो, आणि तरुण माणसाची बाहुली अंधारांत साधारण तितकीच विस्फारते. साठी उलटलेल्या डोळ्याची बाहुली बहुधा पांचाच्या आसपास थांबते. तेव्हां गुरुजींना आठ पटींची, चाळीस मिलिमीटरची दुर्बीण तितकेंच काम देईल आणि मानेला भारही कमी होईल. ह्या दुर्बिणीला विजेरी लागत नाहीं, आणि दिवसां तिच्यांतून समुद्रगरुडही पाहतां येतो.

आतां खऱ्या रात्रदुर्बिणीकडे वळूं. अदृश्य अशा अवरक्त किरणांचें दृश्य चित्र करणारी नळी १९३४ सालीं हॉलंडमध्यें फिलिप्सच्या प्रयोगशाळेंत होल्स्ट व त्याच्या सहकाऱ्यांनीं तयार केली. १९४५ सालीं ओकिनावाच्या लढाईंत अमेरिकन सैनिकांनीं बंदुकीवर बसविलेलें तसलें यंत्र वापरलें, तेव्हां त्याची जड बॅटरी पाठीवर वाहावी लागे. पुढें आल्या त्या प्रकाशवर्धक नळ्या. त्यांत ताऱ्यांचा क्षीण प्रकाश एका पातळ लेपावर पडून इलेक्ट्रॉन सुटतात. अत्यंत सूक्ष्म अशा लक्षावधि छिद्रांच्या कांचेच्या चकतींतून जातांना ते हजारोंनीं वाढतात, आणि शेवटीं चकाकणाऱ्या पडद्यावर आदळून हिरवें चित्र उमटवितात. हिरव्याच्या छटा माणसाचा डोळा उत्तम ओळखतो, म्हणून बहुधा हिरवा पडदा योजतात. अशा नळ्या पुण्यांतही तयार होतात. बेल ऑप्ट्रॉनिक डिव्हायसेस ही कंपनी त्या लष्करासाठीं बनवीत आली आहे. चांगल्या नळीची किंमत मात्र गांवच्या मंडळाच्या आवाक्यांतली नव्हे.

सामान्य गिऱ्हाइकाच्या हातीं स्वस्तांत पडते ती दुसरीच वस्तु. तिच्यांत कॅमेऱ्यासारखा डिजिटल ग्राहक असतो व शेजारीं अवरक्त किरणांचा एक छोटा दिवा. म्हणजे ती काळोखांत पाहत नाहीं; स्वतःचा दिवा लावून पाहते, फक्त तो दिवा माणसाला दिसत नाहीं. किनाऱ्यावर हा भेद महत्त्वाचा ठरतो. हवेंत खारे तुषार किंवा पहाटेचें धुकें असलें, कीं दिव्याचा प्रकाश त्यावरूनच परततो आणि डोळ्यापुढें नुसता पांढुरका पडदा राहतो. धुक्यांत मोटारीच्या मोठ्या दिव्यांची होते तीच गत. तिसरा प्रकार उष्णता टिपणाऱ्या यंत्राचा. रानडुक्कर वा बिबट्या त्यांत लखलखीत दिसतो. पण कासव हा शीतरक्ताचा प्राणी, त्याच्या व भोंवतालच्या वाळूच्या उष्णतेंत फारसा फरक नसतो. कासवांसाठीं म्हणून हें महाग यंत्र घेणाराची फसगत व्हावयाची.

कासवांचा प्रश्न येथें विशेष पाहिला पाहिजे. ऑलिव्ह रिडले जातीची मादी साधारणतः नोव्हेंबर ते मार्च ह्या काळांत रात्रीं पुळणीवर येते, खड्डा करून शंभराच्या आसपास अंडीं घालते आणि तासाभरांत समुद्राला मिळते. सावित्रीच्या खाडीपलीकडे रत्नागिरी जिल्ह्यांतील वेळास येथें चिपळूणच्या सह्याद्रि निसर्ग मित्र संस्थेनें २००२ सालीं ह्या कामास आरंभ केला, आणि पुढें तें हरिहरेश्वर, दिवेआगर ह्या बाजूसही आलें. ह्या कामाचा कणा रात्रीची दुर्बीण नसून पहाटेची पायपीट आहे. कासवाच्या वल्ह्यांसारख्या पायांच्या खुणा वाळूवर स्पष्ट उठतात. भरतीनें त्या पुसण्याआधीं कार्यकर्ता त्यांचा माग काढतो, अंडीं काढून कुंपणाच्या आंत तशाच खोलीच्या खड्ड्यांत ठेवतो, आणि सुमारें पन्नास दिवसांनीं पिल्लें बाहेर येतात. ह्यांत कोठेंही यंत्राचें काम पडत नाहीं.

उलट, मादी पाण्याबाहेर येत असतांना समोर माणूस हलला किंवा उजेड दिसला, तर ती अंडीं न घालतांच परत फिरते. कासवाच्या डोळ्याला निळा-हिरवा प्रकाश चटकन जाणवतो, तांबडा कमी. त्यामुळें दुर्बिणीचा अवरक्त दिवा तिला सहसा त्रास देणार नाहीं. पण हातीं नवें यंत्र आलें, कीं माणूस चार पावलें पुढें सरकतो, मागून आणखी चारजण येतात, आणि कुणाचा तरी फोन उजळतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वयें ह्या कासवाला पहिल्या अनुसूचींत स्थान आहे, आणि त्याचें घरटें वा अंडीं विस्कळित करणें हाही गुन्हा आहे, हें गुरुजींनीं मुलांना आधींच सांगून ठेवावें.

मग तरुणांचें म्हणणें सर्वस्वीं चुकीचें काय? तसें नाहीं. पहाटेपूर्वीं कुंपणाजवळ कुत्रीं, कोल्हे येतात. दर घटकेला बॅटरी फिरविणाऱ्या राखणदाराचे डोळे आंधळे होतात, आणि समुद्राकडे निघालेलीं पिल्लेंही उजेडाकडे वळतात, कारण त्यांना समुद्र ओळखतां येतो तो क्षितिजाच्या उजळपणावरून. अशा ठिकाणीं, पन्नास-साठ पावलांच्या अंतरावर बसून पाहण्यास साधी डिजिटल दुर्बीण खरोखर उपयोगी पडते. ती एका डोळ्याची असावी हेंच बरें: दुसरा डोळा अंधाराला सरावलेला राहतो. मात्र ती लावून चालूं नये. तिच्यांत खोलीचा अंदाज येत नाहीं. आणि हरिहरेश्वरची जी प्रदक्षिणा ओहोटी पाहून दिवसां करावयाची, तेथल्या खडकांवर हा प्रयोग जिवावर बेतेल.

ह्या किनाऱ्याला दुसरेंही एक भान ठेवावें लागतें. १९९३ सालीं मुंबईच्या बाँबस्फोटांसाठीं आलेलीं स्फोटकें श्रीवर्धन तालुक्यांतल्या शेखाडीला उतरलीं होतीं. २००८ चे हल्लेखोर समुद्रमार्गेंच मुंबईस आले. ऑगस्ट २०२२ मध्यें हरिहरेश्वरजवळ बेवारस नौकेंत रायफली सांपडल्या, तेव्हां साऱ्या जिल्ह्यांत नाकेबंदी झाली. अशा पुळणीवर मध्यरात्रीं यंत्र डोळ्याला लावून समुद्राकडे पाहणाऱ्या अनोळखी माणसाची विचारपूस झाली, तर त्यांत नवल नाहीं. वनखात्याला व पोलीस ठाण्याला आधीं कळवून, राखणदाराचें नांव देऊन मगच बसावें.

तेव्हां गुरुजींनीं वर्गणींतून प्रथम कुंपण व राखणदार ह्यांची सोय करावी, आणि एक अमावास्या व एक अष्टमी मुलांना दिव्याशिवाय अर्धा-अर्धा तास पुळणीवर बसवून, काय दिसलें नाहीं तें लिहून काढण्यास सांगावें. शिल्लक उरली आणि टिपणांत कुंपणापाशींचीं जनावरें आलीं, तर दुर्बीण घ्यावी. दुकानाच्या अंधाऱ्या खोलींतली परीक्षा खरी मानूं नये. चार भिंतींवरून दिव्याचा उजेड उसळतो व सर्वच यंत्रें उत्तम भासतात. वद्य पक्षांत, उघड्यावर, खाऱ्या वाऱ्यांत ती पाहावी. पेटीवर तीनशे मीटर लिहिलेलें असतें, तें ‘कांहीं तरी हललें’ एवढें कळण्याचें अंतर असतें. तें कुत्रें आहे कीं कोल्हा हें ओळखण्याचें अंतर त्याहून पुष्कळच कमी. आणि मृगापूर्वीं तिची विजेरी काढून, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह तिला घट्ट झांकणाच्या डब्यांत ठेवावी. कोंकणच्या पावसाळ्यांत भिंगांवर बुरशी चढण्यास फार दिवस लागत नाहींत.