दहा हेडफोन फिरून पुन्हा त्याच एकावर का येतो माणूस?

 

आजचा भाग एका मेसेजमुळे झालाय. आपल्या एका श्रोत्यानं विचारलं होतं, "ताई, ऑडिओची हौस असलेले लोक सारखे नवे हेडफोन घेतात, विकतात, मित्रांशी अदलाबदल करतात आणि शेवटी त्याच जुन्या हेडफोनवर येऊन बसतात. हे नुसतं जुन्या आठवणींचं प्रेम आहे की त्या हेडफोनमध्ये खरंच काही असतं?"

प्रश्न भारी आहे. आणि तो फक्त हौशी लोकांचा नाही. आपण सगळेच दर सेलला नवे इअरबड्स बघत असतो, नाही का? कार्टमध्ये टाकायचे, काढायचे, परत टाकायचे. म्हणजे यात आपले पैसे आहेत आणि आपले कानही आहेत.

माझं उत्तर आधीच सांगून टाकते. माणूस परत येतो, कारण तो हेडफोन त्याच्या कानाला पाठ झालेला असतो. आणि एखादी गोष्ट पाठ व्हायची तर ती तेवढी वर्षं टिकावी लागते. पाठ होणं आणि टिकणं, या दोन गोष्टी जुळल्या की बाकीचे हेडफोन येतात-जातात, तो राहतो.

उदाहरण म्हणून एकच मॉडेल घेऊया: सेनहायझरचा एचडी ६००. हा १९९७ साली बाजारात आला. आज ऐकणाऱ्यांपैकी बरेच जण तेव्हा जन्मलेही नसतील. त्याचा भाऊ एचडी ६५० आला २००३ मध्ये. दोन्ही जर्मन कंपनीचे, दोन्ही ओपन-बॅक. ओपन-बॅक म्हणजे कपाची बाहेरची बाजू बंद नसते, तिथे जाळी असते. तुमचं गाणं शेजारच्याला ऐकू जातं आणि शेजारच्यांचा कुकर तुम्हाला ऐकू येतो! गंमत म्हणजे २०२२ मध्ये सेनहायझरचा ग्राहकांसाठीचा व्यवसाय सोनोव्हा या स्विस कंपनीकडे गेला, जी मुळात श्रवणयंत्रं बनवते. मालक बदलला, तरी एचडी ६०० बंद झाला नाही.

आता हा काही सर्वगुणसंपन्न हेडफोन नाही हं. वापरणाऱ्यांना त्याचे दोष तोंडपाठ असतात. एकदम खालचा बेस त्यात कमी आहे, त्यामुळे ढोल-ताशाच्या पथकाचं रेकॉर्डिंग लावलंत तर टिपरूचा कडकडाट मिळेल, पण ढोलाचा तो छातीत बसणारा ठोका मिळणार नाही. गाणं डोक्याच्या जवळच राहतं, मोठ्या हॉलमध्ये बसल्यासारखं पसरत नाही. नवा असताना डोकं चांगलंच आवळतो. आणि त्याचा इम्पीडन्स आहे ३०० ओहम, म्हणजे बऱ्याच फोनवर तो पुरेसा मोठा वाजतच नाही, वेगळा अ‍ॅम्प लागतो.

मग एवढं असून लोक परत का येतात? पहिलं कारण म्हणजे माणसाचा आवाज. गळा, सारंगी, हार्मोनियम, व्हायोलिन हे सगळं ज्या मधल्या पट्ट्यात असतं, तिथे हा हेडफोन फार फुगवत नाही आणि फार दाबत नाही. आता विचार करा, आपल्या कानाला जगात सगळ्यात जास्त ओळखीचं काय असतं? माणसाचं बोलणं. आईनं "आलास का रे?" विचारलं तरी ती रागावलीये की नाही हे आपल्याला दुसऱ्या खोलीतून कळतं. त्यामुळे आवाजात थोडी जरी खोट असेल तर ती कानाला लगेच टोचते. बेस कमी-जास्त असला तर चालवून घेतो आपण, पण किशोरीताई आमोणकरांचा गळा नाकातून आल्यासारखा वाटला तर? नाही चालत.

पण एवढ्यानं भागत नाही, कारण आवाज नीट ऐकवणारे हेडफोन आज पुष्कळ आहेत. इथे दुसरं कारण येतं आणि माझ्या मते तेच खरं कारण आहे: सवय. त्यावर एक फार सुंदर प्रयोग झालाय.

१९९८ साली नेदरलँड्समधल्या हॉफमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'नेचर न्यूरोसायन्स'मध्ये तो प्रसिद्ध केला. आवाज वरून येतोय की खालून, हे आपल्याला कानाच्या पाळीच्या वळणांमुळे कळतं. प्रत्येकाच्या कानाची वळणं वेगळी, त्यामुळे आवाज प्रत्येकाच्या कानात थोडा वेगळा होऊन शिरतो. या संशोधकांनी काही मोठ्या माणसांच्या दोन्ही कानांत साचे बसवले आणि कानाचा आकारच बदलून टाकला. झालं काय, तर त्या लोकांना आवाज वरून येतोय की खालून ते कळेना. पण तेच साचे घालून रोजचं आयुष्य जगता जगता, काही आठवड्यांत त्यांच्या मेंदूनं नवे कान शिकून घेतले. पुन्हा नीट कळायला लागलं.

आणि आता खरी गंमत. साचे काढले तेव्हा काय झालं असेल? आपल्याला वाटेल, आता जुने कान परत शिकावे लागणार. तसं झालंच नाही. जुने कान लगेच कामाला लागले. नवी भाषा शिकल्यावर आपण मराठी विसरत नाही ना, तसंच काहीसं.

आता स्पष्ट सांगते, हा प्रयोग हेडफोनवर नव्हता, आवाजाची दिशा ओळखण्यावर होता. त्याचा हेडफोनशी संबंध मी जोडतेय. पण हौशी माणसाचा अनुभव याच्याशी किती जुळतो बघा. नवा हेडफोन आणला की पहिले दोन दिवस तो विचित्र वाटतो. आठवड्याभरात बरा वाटायला लागतो. लोक म्हणतात, "हेडफोन मोकळा झाला." हेडफोनमध्ये थोडाफार बदल होतही असेल, पॅड दबतात वगैरे, पण जास्त मोकळा होतो तो आपला मेंदू! आणि महिन्याभरानं जुना हेडफोन डोक्यावर चढवला की पाच मिनिटांत वाटतं, हां, आलो घरी.

घरी आल्यावर काय सोपं जातं? अंधारातसुद्धा दिव्याचं बटण सापडतं. पाठ झालेल्या हेडफोनचं तसंच असतं. त्यात बेस किती कमी आहे हे मला माहीत आहे, म्हणून एखाद्या नव्या गाण्यात बेस कमी वाटला तर तो गाण्यात कमी आहे की हेडफोनमुळे, हे मला ओळखता येतं. दोष माहीत असला की वजा करता येतो. रोज नवा हेडफोन घालणाऱ्याला ही वजाबाकी जमत नाही, कारण त्याची फूटपट्टीच रोज बदलते.

मग प्रश्न येतो की नवे हेडफोन आपल्याला भुलवतात का? अहो, भुलवतातच. दोन युक्त्या सांगते, दुकानात किंवा मित्राकडे नवा हेडफोन ऐकताना लक्षात ठेवा.

पहिली युक्ती, तार आवाज थोडा चढवून ठेवायचा. मग झांज, चाळ, गायकाचा श्वास, सगळं एकदम पुढे येतं आणि आपण म्हणतो, "अरे, हे तर मी कधी ऐकलंच नव्हतं!" घरी जाऊन जुन्या हेडफोनवर तेच गाणं लावा. बहुतेक वेळा तो श्वास तिथेही असतो, फक्त त्याच्या जागी असतो. चढवलेला तार आवाज पाच मिनिटं मस्त वाटतो आणि दोन तासांनी कान शिणतात.

दुसरी युक्ती, आवाज जरा मोठा ठेवायचा. जे थोडं मोठं वाजतं ते आपल्याला जास्त चांगलं वाटतं. त्यात आणखी भर म्हणजे हळू आवाजात आपल्या कानाला बेस कमी ऐकू येतो. हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच मोजून दाखवलं होतं. म्हणजे व्हॉल्यूम वाढवला की बेस आपोआप भरल्यासारखा वाटतो. म्हणून दोन हेडफोनची तुलना करायची तर दोन्हींचा आवाज आधी सारखा करून घ्या. हे केलं नाही तर तुलना हेडफोनची होत नाही, व्हॉल्यूमच्या बटणाची होते.

आता टिकण्याकडे येऊ. एचडी ६०० चे कानाचे पॅड निघतात. केबल निघते. डोक्यावरची गादी निघते. प्रत्येक भाग सुटा विकत मिळतो आणि घरी बसून बदलता येतो, डिंक खरवडायचं काम नाही. त्यामुळे वीस वर्षांपूर्वी घेतलेला हेडफोन आजही लोक वापरतायत. एक टीपही देऊन ठेवते: "माझा हेडफोन पूर्वीसारखा वाजत नाही" असं वाटलं, तर विकायच्या आधी पॅड बघा. पॅड चपटे झाले की कान आतल्या ड्रायव्हरच्या जवळ जातो आणि आवाजाचा तोल बदलतो. आपल्याकडे घाम आणि पावसाळ्यातला दमटपणा, रेक्झिनच्या पॅडचे तर पापुद्रेच निघतात. पॅड बदला, आणि मग ठरवा.

याच्या समोर आपले वायरलेस बड्स ठेवा. प्रत्येक बडमध्ये एक चिमुकली बॅटरी, आणि बहुतेक वेळा ती चिकटवून बंद केलेली. माझ्या एका जोडीतला उजवा बड तिसऱ्या वर्षी चाळीस मिनिटांत मान टाकायचा, डावा मात्र ठणठणीत! बॅटरी बदलून मिळते का विचारलं तर उत्तर आलं, नवी जोडी घ्या. एकूण प्रकारच असा आहे. दुरुस्तीची माहिती देणाऱ्या आयफिक्सिटनं २०१६ साली पहिल्या एअरपॉड्सना दुरुस्तीसाठी १० पैकी ० गुण दिले होते.

पैसे जातात हे तर झालंच. पण मला जास्त वाईट वाटतं ते दुसऱ्या गोष्टीचं. दोन-तीन वर्षांत कान एका आवाजाला सरावतो, आणि तेवढ्यात तो आवाजच कचऱ्यात जातो. परत पहिलीपासून शाळा. परत यायचं म्हटलं तरी यायला जागाच उरत नाही.

म्हणजे मी वायरलेसच्या विरोधात आहे का? अजिबात नाही. लोकलमध्ये, बसमध्ये, ऑफिसच्या गोंगाटात ओपन हेडफोनचा उपयोग शून्य. तिथे नॉइज कॅन्सलेशनच हवं, कारण बाहेरचा आवाज कमी झाला की आपण व्हॉल्यूम कमी ठेवू शकतो. माझं म्हणणं एवढंच आहे की बाहेर काहीही वापरा, घरात मात्र एक तरी अशी जोडी ठेवा जी दहा वर्षांनीही तीच असेल.

आणि ती महागच हवी असं नाही. कॉसचा पोर्टा प्रो १९८४ पासून जवळपास त्याच रूपात विकला जातोय. एचडी ६०० च्या मानानं फारच स्वस्त, ६० ओहमचा, साध्या डोंगलवर फोनलाही चालतो. त्याचे स्पंजचे पॅड किरकोळ पैशांत बदलता येतात. बेस जरा जाडसर आहे, पण तोही पाठ होतो!

आता एक गृहपाठ. तुमच्याकडे आत्ता जो हेडफोन असेल तोच घ्या, नवा घेऊ नका. तीन रेकॉर्डिंग निवडा. एक माणसाचं नुसतं बोलणं, पु. लं.चं कथाकथन घ्या, त्यात प्रेक्षकांचं हसू कुठून येतंय ते ऐका. दुसरं शास्त्रीय गायन, त्यात गायकाला सोडून फक्त तानपुऱ्याची जवारी आणि डग्ग्याचा घुमारा ऐका. आणि तिसरं 'सैराट', कारण त्यासाठी अजय-अतुल यांनी लॉस एंजेलिसमध्ये मोठा सिम्फनी ऑर्केस्ट्रा रेकॉर्ड केला होता, आणि गर्दीत वाद्यं वेगळी ऐकू येतात का हे त्यात छान कळतं. दोन आठवडे हीच तीन रेकॉर्डिंग, हाच हेडफोन, हाच व्हॉल्यूम. मग मित्राचा हेडफोन चार दिवस मागून घ्या आणि त्यानंतर आपल्याकडे परत या. परत आल्यावर काय हरवलं होतं आणि काय सापडलं, ते लिहून ठेवा. त्या कागदावर जे उमटेल, ते कुठल्याही रिव्ह्यूपेक्षा तुमच्या कामाचं. कारण रिव्ह्यूमधला आलेख कृत्रिम कानावर काढलेला असतो, आणि तुमचा कान तुमचा आहे.

जाता जाता शेवटचं. पॅड बदलता येतो, केबल बदलता येते. कानाच्या आतल्या केसपेशी मात्र एकदा गेल्या की माणसाच्या शरीरात परत उगवत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब सोपा आहे: ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास चालतील, पण ९० डेसिबलला फक्त ४ तास. दहानं आकडा वाढला आणि वेळ दहा पट कमी झाली. बऱ्याच फोनमध्ये हेडफोनच्या आवाजाची पातळी दाखवणारी सोय असते, आज रात्री झोपायच्या आधी ती एकदा उघडून बघा.

तुमचा "परत येण्याचा" हेडफोन कोणता, त्याचे दोष कोणते, आणि तरीही तो का सोडवत नाही, हे मला नक्की कळवा. भेटूया पुढच्या भागात. तोपर्यंत ऐकत राहा, जरा हळू आवाजात!