दुसरा फोटो

अमरावतीतल्या एका व्याख्यानमालेचं तिसरं पुष्प गुंफायला अकोल्याहून एक अस्थिरोगतज्ज्ञ आले. विषय मनगटाचा, पण त्यांनी आधी रस्ता काढला. लोणी ते माना, ७५ किलोमीटरचा डांबरी थर, जून २०२२ मध्ये १०५ तास ३३ मिनिटांत टाकला गेला आणि गिनीज बुकात गेला. ‘‘त्याच रस्त्यानं आलो. आज ज्या हाडाबद्दल बोलणार आहे ते जेमतेम इंचभर, पण जुळायला दोन-तीन महिने घेते.’’ सभागृह हसलं.

राँटगेननं १८९५ च्या डिसेंबरात बायकोच्या हाताचा एक्स-रे फोटो काढला, हे ‘तुम्हाला माहीतच आहे’ म्हणून एका वाक्यात उरकलं. मनगटातली आठ हाडंही तशीच गेली, अन् हिरव्या काडीसारखं वाकून अर्धवट मोडणारं लहान मुलांचं हाडही.

डब्लिनचे अब्राहम कोलीस मात्र सुटले नाहीत. त्यांनी १८१४ मध्ये मनगटाच्या ज्या मोडीचं वर्णन केलं, तिला आजही त्यांचंच नाव आहे. तेव्हा एक्स-रे यायला ८१ वर्षं होती. त्यांनी नुसता हात चाचपून लिहिलं. तळहात टेकवून पडलं की कोपर ते मनगटातल्या रेडियस या हाडाचं मनगटाजवळचं टोक मोडून मागे सरकतं आणि हाताला बाजूनं बाक दिसतो. इंग्रजी पुस्तकं त्याला जेवणाच्या काट्याची उपमा देतात. ‘‘आपल्याकडे काट्यानं जेवते कोण? सराटा आठवा, आपलं उलथनं!’’ पुढच्या रांगेतल्या बायांना लगेच दिसला. साठीतली बाई न्हाणीत घसरून असं हाड मोडून घेते, तेव्हा नुसतं प्लास्टर घालून मोकळं होऊ नका, हाडं ठिसूळ झालीत का तेही तपासा, एवढं सांगून ते पुढे सरकणार, तोच इंजिन आडवं आलं.

रेडियसच्या अंगठ्याकडच्या टोकाच्या मोडीला ‘शोफर फ्रॅक्चर’ म्हणतात. जुन्या मोटारी हॅण्डल फिरवून सुरू व्हायच्या, हॅण्डल उलटं फिरलं की ड्रायव्हरचं मनगट जायचं. १९१२ च्या कॅडिलॅक गाड्यांत विजेचा स्टार्टर आला. ‘‘आपल्या विहिरीवर मात्र डिझेल इंजिनचं हॅण्डल त्यानंतरही कित्येक वर्षं फिरत राहिलं.’’ मग वडिलांचं इंजिन, ते पकडणारा सालदार, काळा धूर, असं सगळं निघालं. मागून एक आजोबा उठले. ‘‘अंगठा बोटाईच्याच बाजूनं ठेवा लागे डाक्टरसाहेब, इळखा घातला का गेला!’’ टाळ्या पडल्या. डॉक्टरांनी आजोबांना दोनदा बोलू दिलं. या इंजिनानं वीस मिनिटं खाल्ली, पण संध्याकाळचा सगळ्यात जिवंत भाग तोच होता.

मग ते खऱ्या विषयाकडे आले. स्कॅफॉइड म्हणजे अंगठ्याच्या मुळाशी बसलेलं होडीच्या आकाराचं हाड. त्याला बरंचसं रक्त बोटांकडच्या टोकातून मिळतं आणि तिथून ते उलटं मनगटाच्या सांध्याकडे जातं. ‘‘वरूड-मोर्शीच्या लोकांना सांगायला नको. ठिबकची नळी मधेच तुटली की शेवटचं संत्र्याचं झाड वाळते.’’ हाड कमरेत मोडलं, तर सांध्याकडचा तुकडा तसाच वाळू शकतो. आणि नेमकी हीच मोड पहिल्या फोटोत कधी कधी दिसत नाही. चीर केसासारखी बारीक असते, किरणं तिच्या रेषेत गेली नाहीत तर ती लपते. दहा-चौदा दिवसांत चिरेच्या कडांचं हाड विरघळतं, तेव्हा ती उघडी पडते.

एक्स-रे बघायचा व्ह्यू-बॉक्स आलाच नव्हता. डॉक्टरांनी खाकी पाकिटातून दोन फिल्म काढल्या आणि मंचावरच्या ट्यूबलाइटसमोर धरल्या. दोन्ही एकाच मनगटाच्या. पहिली स्वच्छ, दुसरीत हाडाच्या कमरेवर काळी रेघ. शिकाऊ असताना एका कबड्डीपटूला ‘मुकामार आहे’ म्हणून आपणच घरी पाठवलं होतं, असं त्यांनी सांगितलं. पोरगा आठ महिन्यांनी परत आला, तोवर हाड जुळायचं राहून गेलं होतं. मल्लखांब आणि कबड्डीच्या या गावात, जिथं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून उभं आहे, ते वाक्य जरा जड गेलं.

त्यांचा हट्ट एवढाच, की अंगठा ताणल्यावर मुळाशी जो खळगा पडतो, तिथं दाबून दुखलं तर फोटो स्वच्छ असला तरी कच्चं प्लास्टर घाला आणि दोन आठवड्यांनी पुन्हा फोटो काढा. एमआरआयमध्ये चीर आधीच दिसते, हे त्यांनी मान्य केलं, पण नाखुशीनं. प्रश्न आलाच, ‘‘दुसऱ्या फोटोचे पैसे कोण देईन?’’ हशा. डॉक्टर थोडे चिडले. ‘‘माझ्याकडे एक्स-रेचं मशीन नाही, हे आधी लिहून घ्या. जुळलं नाही तर हाडात स्क्रू बसवावा लागते, त्याचा खर्च विचारा.’’ हे उत्तर पटण्यासारखं होतं. तरी रोजंदारीवरच्या माणसाचा दोन आठवड्यांनी पुन्हा एक दिवस बुडतो, त्याबद्दल ते बोलले नाहीत.

अध्यक्षांची चिठ्ठी आली. स्मिथ, गॅलिआझ्झी यांच्या नावांच्या मोडी आणि उरलेल्या बारा स्लाइड दीड मिनिटात गेल्या, कुणालाच काही दिसलं नाही. आभारप्रदर्शन चालू असताना अर्धं सभागृह स्वतःचाच अंगठा ताणून खळगा दाबत बसलं होतं. डॉक्टरांनी पुन्हा माईक ओढला आणि सांगितलं, ‘‘दुसऱ्या फोटोला येताना पहिल्याचं पाकीट घेऊन या. घरी रद्दीत टाकू नका.’’