धरणगावचा एक मुक्काम

इटलीतील नेपल्स नगरीस जाणारा प्रवासी जिव्हा आणि दृष्टी यांची सांगड घालूनच हिंडतो. लाकडाच्या भट्टीतून नुकताच निघालेला पिझ्झा खावा आणि आगगाडीने पाँपेईचे अवशेष पाहावयास निघावे, असा तेथला परिपाठ. इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या त्या नगरात उत्खनन करणारांस भट्टीत राहून गेलेले, जळून कोळसा झालेले पाव सापडले. इतिहास आणि अन्न ही दोन निराळी प्रकरणे आहेत, असे तेथे कोणास वाटत नाही. पुण्यामुंबईचा सुशिक्षित गृहस्थ अशा नगरांची वर्णने आवडीने वाचतो. खानदेश मात्र तो बहुधा आगगाडीच्या खिडकीतूनच पाहतो आणि उन्हाची तक्रार करीत पुढे जातो.

सुरत-भुसावळ लोहमार्गावर, अमळनेर व जळगाव यांच्यामध्ये, धरणगाव हे स्टेशन आहे. येथे उतरणारास ज्वालामुखी दिसणार नाही. दिसेल ती काळी जमीन आणि तीवरील कपाशी. परंतु या गावाचा इतिहास कपाशीनेच घडविला आहे. येथील कापड आणि कागद यांचा एके काळी मोठा लौकिक होता. कापडाच्या ओढीने इंग्रजांनी १६७४ मध्ये येथे वखार घातली; पुढच्याच वर्षी मराठ्यांच्या स्वारीत ती लुटली गेली, आणि १६७९ मध्ये शिवाजी महाराजांच्या फौजा पुन्हा येथवर आल्या. कंपनीच्या अमलात जेम्स आउट्रम याने १८२५ पासून उभारलेल्या भिल्ल पलटणीचे ठाणे येथे होते. वखार गेली, पलटण गेली, कागदही गेला. कपाशी तेवढी राहिली.

कापूस बाजारात जातो; पऱ्हाटी घरी राहते. हिवाळ्यात कापूस वेचून झाला, की त्या वाळलेल्या काड्यांचा जाळ करून त्यावर भरताची मोठी, हिरवट वांगी भाजतात. साल काढून ती लाकडी बडगीत मिरची-लसणाबरोबर ठेचतात आणि कांद्याची पात व शेंगदाणे घालून फोडणी देतात. सोबत ज्वारीत उडीद मिसळून दळलेल्या पिठाची, कळण्याची भाकरी. यातील वांगे या देशीचे. मिरची आणि शेंगदाणा अमेरिकेतून आलेले. नेपल्सच्या पिझ्झ्यावरील टोमॅटोही तेथलाच. भरतास जो धुराचा वास असतो, तो मात्र या काळ्या मातीचा आणि या काड्यांचा.

वैशाखात आखाजी येते. सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडांना झोके लागतात, आणि चुलीवर पालथे खापर चढते. पुरण भरलेली पोळी हातांवर फिरवीत फिरवीत कोपरापर्यंत रुंद करावयाची आणि न फाटता खापरावर टाकावयाची, हे कसब पुस्तकावरून साधत नाही. आंब्याच्या रसाबरोबर असा मांडा ज्याने खाल्ला, तो खानदेशास रूक्ष म्हणावयास धजणार नाही.

या गावाचे सर्वांत मोलाचे देणे मात्र कापडही नव्हे आणि मांडाही नव्हे. बालकवी, म्हणजे त्र्यंबक बापूजी ठोमरे, यांचा जन्म १३ ऑगस्ट १८९० रोजी येथेच झाला. १९०७ च्या जळगावच्या कविसंमेलनात त्यांस 'बालकवी' ही पदवी मिळाली; आणि ५ मे १९१८ रोजी जळगावजवळ भादली येथे आगगाडीखाली त्यांचा अंत झाला. वय अवघे सत्तावीस. इतक्या तप्त प्रदेशात हिरवाईचा कवी कसा जन्मला, असा प्रश्न परक्यास पडतो. उन्हाने भेगाळलेली ही माती पहिल्या पावसानंतर चार दिवसांत हिरवी होताना ज्याने पाहिली, त्यास तो पडत नाही.

म्हणून धरणगावी जावे ते पौषात भरतासाठी, नाहीतर वैशाखात आखाजीसाठी. आणि शक्य तर कोणा घरच्या चुलीपाशी बसून जेवावे. येथला कागद मागणी सरली तेव्हा सरला, आणि त्याच्याबरोबर तो करणारांची विद्याही गेली. गॅसच्या शेगडीने बडगी आणि खापर यांस आता माळ्याची वाट दाखविली आहे. कागदाची कीर्ती निदान ग्रंथांत वाचावयास मिळते. मांड्याची चव ग्रंथात उरणार नाही. ती हातांत आहे तोवर जो पाहुणा पंक्तीस बसतो आणि आणखी एक वाढावयास सांगतो, तोही ती जतन करणारांपैकीच एक होय.