हायेस्ट पॅकेज सोडा, मीडियन विचारा

आजचा विषय सध्या आमच्याच घरात पेटलाय. मी बीटेक, हिंजवडीत सॉफ्टवेअर इंजिनियर, पाच वर्षं झाली. आता एमबीए करायचंय. बाबा पुढच्या वर्षी चाकणच्या कंपनीतून रिटायर होतायत आणि फ्लॅटचा हप्ता मी भरतो. म्हणजे दोन वर्षं पगार बंद, वर फीचं कर्ज. चुकलो, तर एकटा मी नाही चुकत.

मुंबईचं जमनालाल बजाज, १९६५ सालचं, पर्सेंटाइलमुळे हातचं गेलं. उरले दोन पर्याय. एक खासगी पीजीडीएम कॉलेज, चकाचक कॅम्पस. दुसरा पुम्बा, म्हणजे पुणे विद्यापीठाचा १९७१ पासूनचा मॅनेजमेंट विभाग.

खासगी कॉलेजच्या ब्रोशरवर सरासरी पॅकेज १२ लाख. मी विचारलं, "मॅडम, मीडियन किती?" त्या म्हणाल्या, "सर, ते कोणी विचारत नाही!"

आता गंमत बघा. पाच मुलं. पगार ६, ६, ७, ७ आणि ३४ लाख. सरासरी १२. पण मधल्या मुलाला मिळाले ७. आपण बहुतेक त्या मधल्याच्या आसपास असणार, ३४ वाल्याच्या नाही.

मग करायचं काय? केंद्र सरकारच्या एनआयआरएफ क्रमवारीत भाग घेणाऱ्या संस्था किती पास झाले, किती जणांना नोकरी लागली आणि मीडियन पगार किती, हे भरून देतात. ती पीडीएफ संस्थेच्या वेबसाइटवर शोधा. ‘१०० टक्के प्लेसमेंट’ दिसलं, तर विचारा, शंभर टक्के कोणाचे? सगळ्या बॅचचे, की फक्त प्लेसमेंटला नाव नोंदवलेल्यांचे?

राहिला नावाचा प्रश्न. एक सीनियर म्हणाला, "पुम्बाचं नाव पुण्यात चालतं, गुरुग्रामला समजावून सांगावं लागतं." खरं असेलही. पण मला गुरुग्रामला जायचंय कुठे? बजाज, महिंद्रा, फोक्सवॅगन, मर्सिडीज, सगळ्यांचे प्लांट चाकणला. मला ऑपरेशन्स करायचंय आणि आई-बाबा इथेच आहेत. ज्याला देशभर फिरायचंय, त्याचं उत्तर वेगळं येईल.

परवा रात्री कॅपच्या फॉर्ममध्ये पुम्बा पहिल्या नंबरवर टाकलं. बाबा एवढंच म्हणाले, "हप्त्याचं बघू, तू शिक."

तुम्ही कुठलं कॉलेज बघताय? आधी मीडियन विचारा, मग मला कळवा. भेटू पुढच्या भागात!