आधी मोजावे, मग वाचावे



नवा गडी कामावर ठेवला, की पहिल्याच दिवशी आपण त्याला बजावतो, "विहिरीत उतरण्याआधी पाणी किती आहे ते बघ, बाबा." हुशार गड्याला एवढे पुरते. सांगकाम्याला मात्र पाणी कसे बघायचे, कंबरेच्या वर असले तर काय करायचे, हेही सांगावे लागते. आज अशाच एका सांगकाम्याविषयी चार शब्द बोलायचे आहेत. त्याचे नाव ए. आय. एजंट.

हा संगणकातला गडी. आपण साध्या भाषेत काम सांगावे आणि त्याने हाताशी दिलेली अवजारे वापरून ते पुरे करावे, अशी त्याची रीत. तक्ते वाचणे, टिपणे काढणे ही कामे तो झपाट्याने उरकतो. पण एका वेळी त्याच्या नजरेत किती मजकूर मावेल, याला हद्द आहे. हा मजकूर टोकन नावाच्या बारीक तुकड्यांनी मोजतात. समजा, हद्द २ लाख टोकनांची आहे आणि तक्त्याच्या एका ओळीला ५० टोकन लागतात. म्हणजे फार तर ४ हजार ओळी मावल्या. आणि तक्ता १० लाख ओळींचा असला तर? बाकीच्या ओळी नजरेबाहेरच राहिल्या. गडी मात्र दिसले तेवढ्यावरच हिशेब करून "झाले काम" म्हणून मोकळा होण्याचा संभव असतो.

आता तुम्ही म्हणाल, चार ओळी राहिल्या तर काय बिघडले? तर इंग्लंडातील एक हकीकत ऐका. २०२० साली, करोनाच्या साथीत, चाचण्यांचे निकाल तेथील सार्वजनिक आरोग्य संस्थेकडे येत आणि एक्सेलच्या जुन्या पद्धतीच्या फायलींत भरले जात. त्या जुन्या फायलीत ६५,५३६ ओळी मावतात, पुढे एकही नाही. नव्या पद्धतीच्या फायलीत १०,४८,५७६ मावतात. त्यातून एकेका निकालाला अनेक ओळी लागत. फाईल भरली आणि पुढचे निकाल गळू लागले. २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या आठ दिवसांत १५,८४१ बाधितांची नोंद अशी राहून गेली. त्या लोकांना स्वतःचा निकाल कळला होता, पण त्यांच्या सहवासात आलेल्यांना सावध करण्याचे काम लांबले. त्या कामात एजंट नव्हता, माणसेच होती. चूक मात्र हीच, की माल किती आणि भांडे केवढे, हे आधी कोणी ताडून पाहिले नाही.

म्हणून एजंटाला एक छोटे अवजार द्यावे लागते. तक्ता न वाचता त्याचे माप सांगणे एवढेच त्याचे काम. ओळी किती, रकाने किती, एकूण भार किती. पण अवजार दिले म्हणजे भागले, असे नाही, बरं का. त्यासोबत वापराचा कागद लागतो. ते कधी उचलायचे, हे एजंट तो कागद वाचूनच ठरवतो. कागद अपुरा असेल, तर चांगले अवजारही पडून राहते.

त्या कागदात काय असावे? पहिली गोष्ट, वेळ. "तक्त्याचा आकार सांगते" एवढे लिहून भागत नाही. "कोणताही अनोळखी तक्ता वाचण्यापूर्वी हे वापरावे" असे स्पष्ट लिहावे.

दुसरी गोष्ट, माप कशाचे. नुसत्या ओळी मोजल्या तर फसगत होते. क्रमांक आणि हजर-गैरहजर एवढेच असलेल्या २ हजार ओळी हलक्या असतात, आणि लांबलचक शेऱ्यांच्या ५०० ओळी त्यांच्यापेक्षा जड भरतात. म्हणून भारही सांगावा.

तिसरी गोष्ट, आकडा मोजलेला की अंदाजाचा. पोस्टग्रेस नावाच्या माहितीभांडारात प्रत्येक तक्त्याच्या ओळींचा अंदाज टिपून ठेवलेला असतो. तो चटकन मिळतो, पण जुना असू शकतो. ज्या तक्त्याची पाहणी अजून झालेलीच नाही, त्यापुढे नव्या आवृत्त्यांत उणे १ असा आकडा येतो. त्याचा अर्थ "माहीत नाही". कागदात हे लिहिले नसेल, तर सांगकाम्या तक्ता रिकामा समजून पुढे जायचा!

चौथी गोष्ट, पुढे काय करायचे. तक्ता मोठा निघाला, तर हवे तेवढेच रकाने मागावेत, बेरीज भांडारातच करून घ्यावी, नाहीतर थोड्या थोड्या ओळी वाचाव्यात. आणि शेवटी धन्याला सांगावे, "इतक्या ओळी होत्या, इतक्या वाचल्या."

गुरुजन हो, हा कागद लिहिण्याचे काम कदाचित तुमच्याकडे येणार नाही. पण यंत्राने काढलेला गोषवारा उद्या तुमच्या टेबलावर येईल. तेव्हा सही करण्यापूर्वी दोनच प्रश्न विचारा : ओळी किती होत्या? वाचल्या किती? दोन्ही आकडे जुळले नाहीत, तर कागद परत पाठवा. राहून गेलेल्या ओळीत तुमच्याच वर्गातल्या एखाद्या मुलीचे नाव असेल, आणि तिची शिष्यवृत्ती त्या एका ओळीपायी अडायला नको.