‘ह्येत राक्षस कोण?’ : दशावताराचा रसिक आणि गंभीर नाटक

(मालवण परिसरातील कार्यकर्त्यांपुढे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



नाटकाविषयी बोलताना आपल्याकडे एक विभागणी गृहीत धरली जाते. गाण्याबजावण्याचे नाटक ते करमणुकीचे आणि गाणे नसलेले नाटक ते विचाराचे. पहिल्याचा प्रेक्षक भाबडा व दुसऱ्याचा जाणता, असेही त्यापाठोपाठ मानले जाते. शहरातील समीक्षकांनी असे मानावे यात नवल नाही. पण सामान्य जनांच्या नावाने चळवळ करणारे कार्यकर्तेही मनातून तेच मानीत असतील, तर ती चिंतेची गोष्ट आहे. आज ही समजूत तपासून पाहावयाची आहे आणि त्यासाठी ग्रंथांपेक्षा एका प्रेक्षकाचा आधार घेणे अधिक उचित ठरेल.

या प्रेक्षकाचे नाव सांगण्याचे कारण नाही. मालवणच्या किनाऱ्यावरील कोणत्याही वाडीत असा गृहस्थ भेटतो. वय साठीच्या पुढे, थोडी भातशेती, दहापाच माड, रापणीत एक वाटा. थोरला मुलगा मुंबईस, धाकटा आखातात. लहानपणापासून त्याने एकही जत्रा चुकवलेली नाही, कारण जत्रेच्या रात्री धयकालो असतो. भाताची कापणी उरकली, कार्तिक लागला, की दशावतारी कंपन्या पेटारा घेऊन गावोगाव निघतात. देवळासमोर जागा सारवलेली असते, एक बाकडे मांडलेले असते आणि तेच बाकडे कधी इंद्राचे सिंहासन होते, कधी कैलास पर्वत. एका बाजूला पायपेटी, मृदंग आणि झांज. आधी गणपती येतो, संकासुर येऊन हसवतो आणि मग उत्तररात्री आख्यान रंगते.

या नाटकाला लिखित संहिता नसते, हे येथे विशेष ध्यानात घेतले पाहिजे. कथानक तेवढे ठरते. संवाद नट उभ्या उभ्या रचतो. दोन राजे समोरासमोर आले की धर्म कोणता आणि अधर्म कोणता यावर त्यांचा वाद जुंपतो, आणि कोणाची बाजू बिनतोड ठरली हे प्रेक्षकाला तत्काळ कळते. पदाला तो जितकी दाद देतो तितकीच प्रतिवादालाही देतो. सिंहासनावर बसलेला हा राजा दिवसा शेतात राबणारा असतो, हेही त्याला ठाऊक असते. ‘रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा’ ही म्हण त्यातूनच आली. अशा रात्री ज्याने पन्नास वर्षे जागवल्या, त्याला भाबडा म्हणणे धाडसाचे आहे.

हा रसिक एकदा शाळामास्तर असलेल्या भाच्याच्या आग्रहावरून मालवणच्या मामा वरेरकर नाट्यगृहात ‘संध्याछाया’ पाहावयास गेला. प्रयोग हौशी मंडळींचा होता. नाटक जयवंत दळवींचे, म्हणजे वेंगुर्ल्याजवळच्या आरवलीच्या मातीतले. गोवा हिंदू असोसिएशनने ते १९७३ साली रंगभूमीवर आणले, विजया मेहता यांनी ते दिग्दर्शित केले आणि त्यातील नानीची भूमिकाही केली. नाना आणि नानी हे वृद्ध दांपत्य. एक मुलगा अमेरिकेत स्थायिक होतो, दुसरा लष्करात जातो आणि कामी येतो. दोघे वाट पाहत राहतात आणि अखेर आपल्या हातांनी आयुष्य संपवतात. यात गाणे नाही, युद्ध नाही, देवही अवतरत नाही.

आरंभी रसिकाची पंचाईत झाली. मृदंगावर थाप पडली नाही, गणपती आला नाही. प्रेक्षागृहात अंधार; शेजाऱ्याशी बोलावे तर पुढचा मागे वळून पाही. धयकाल्यात प्रेक्षक मध्येच उठतो, चहा पितो, खाजे घेऊन परत येतो आणि आख्यानाचा धागा त्याच्या हातून सुटत नाही. येथे तीन तास खुर्चीला जखडून बसावयाचे होते. पहिल्या अंकात त्याला दोनदा डुलकी लागली. पण दुसऱ्या अंकापासून त्याची मान वर राहिली. परदेशातील मुलाच्या पत्राची वाट म्हणजे काय, हे त्याला कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

परतीच्या वाटेवर भाच्याने विचारले, ‘मामानू, कसां वाटलां?’ रसिक बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘नाटक बरां होतां. पण ह्येत राक्षस कोण?’

भाच्याने हा किस्सा मित्रांना सांगितला तेव्हा सगळे हसले. मामांना गंभीर नाटकातही राक्षस हवा! वस्तुतः त्या हसण्याचीच चिकित्सा केली पाहिजे. रसिकाला मुखवटा घातलेला, दात विचकणारा असुर हवा नव्हता. दोन निरपराध माणसे मरतात, तर त्याला कारण कोण, एवढेच तो विचारीत होता. मुलगा दुष्ट नाही, आईबापांचा अपराध नाही. मग हे घडले कसे? दशावताराने त्याला शिकविले होते की दुःख आपोआप उद्भवत नाही. ते कोणीतरी निर्माण केलेले असते, आणि आख्यान संपण्यापूर्वी त्याचे नाव पुकारले जाते. पहाटे दहीकाला होतो आणि लोक मोकळ्या मनाने घरी जातात. ‘संध्याछाया’ने त्याला दुःख अस्सल दाखविले, पण त्याचे नाव पुकारले नाही.

आता हाच प्रश्न अर्थशास्त्राच्या भाषेत मांडून पाहा. कोकणातील घरे पिढ्यान्‌पिढ्या मनीऑर्डरीवर चालली. जमिनीचे तुकडे पोटापुरते पिकेनात, म्हणून मुलगे गिरणीत गेले. मुंबईची संपत्ती वाढविणारे हात येथे वाढले आणि म्हातारपणी येथेच परतले. मधली कमाईची वर्षे मात्र शहराने घेतली. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला आणि हजारो घरांची मनीऑर्डर थांबली. गिरणी गेली, आखात आले. वाट पाहणे तेच राहिले. १९९८ पासून कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली, पण येण्याजाण्याचा वेळ कमी झाला म्हणून जाण्याचे कारण संपले नाही. चतुर्थीला उघडणारी आणि एरवी कुलूप असलेली घरे कोणत्याही वाडीत मोजता येतात. रसिकाच्या प्रश्नाचे उत्तर या व्यवस्थेत आहे. नाटक घराच्या उंबरठ्याशी थांबले. प्रेक्षक मात्र उंबरठा ओलांडून बाहेर पाहत होता.

हा दळवींवर ठपका नव्हे. एकाच नाटकाने सर्व प्रश्न विचारावेत ही अपेक्षा अन्यायाची होईल. शिवाय याच लेखकाने पुढे १९७८ साली ‘सूर्यास्त’ लिहिले. निळू फुले यांनी साकारलेला त्यातील वृद्ध गांधीवादी सत्तेवर बसलेल्या स्वतःच्या मुलाला जाब विचारतो. तेथे राक्षसाचे नाव पुकारलेले आहे. ज्यांच्या नावाच्या नाट्यगृहात आपला रसिक बसला होता, त्या मामा वरेरकरांनी तर १९३२ सालीच ‘सोन्याचा कळस’मध्ये गिरणीकामगारांचा संघर्ष रंगमंचावर आणला होता.

राहता राहिला गाण्याचा प्रश्न. गाणे आले की विचार पातळ होतो, हे मराठी रंगभूमीच्या इतिहासाला धरून नाही. १८९९ सालचे देवलांचे ‘शारदा’ हे संगीत नाटक. पण पैशासाठी मुलगी म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधण्याच्या रूढीवर त्याहून कठोर आघात कोणत्या गद्य नाटकाने केला? १९१९ सालचे ‘एकच प्याला’ही पदांसह उभे राहिले. कुडाळला खानावळ चालविलेल्या चिं. त्र्यं. खानोलकरांनी ब्रेख्तचे नाटक ‘अजब न्याय वर्तुळाचा’ या नावाने मराठीत आणले. त्यात निवेदन आहे, गाणी आहेत, आणि जो जोपासतो त्याचाच हक्क हा विचारही आहे. गाण्याने कथा थांबवायची आणि प्रेक्षकाला विचार करावयास लावायचे, ही ब्रेख्तची रीत युरोपात नवी वाटली असेल. सूत्रधाराचे गायन ऐकत वाढलेल्या मालवणी माणसाला ती परकी वाटण्याचे कारण नाही.

मग हा प्रेक्षक गंभीर नाटकाला का येत नाही? कारणे व्यवहारातली आहेत. धयकाल्याचा खर्च देवस्थान आणि गाव मिळून उचलतो. गरिबाला तिकीट पडत नाही. नाट्यगृहातील नाटकाला तिकीट आहे, प्रयोग संपेपर्यंत वस्तीची एसटी निघून गेलेली असते, आणि रिक्षा करावी तर दिवसाची मजुरी जाते. त्यावर आपले हसणे. पहिल्या अडचणी पैशाने सुटतील, शेवटची आपल्याच हातात आहे.

कार्यकर्त्यांना करता येण्याजोग्या गोष्टी साध्या आहेत. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकाने गाणे आणि विचार एकत्र नेऊन दाखविले होते. तो अनुभव आपल्या पाठीशी आहे. चांगले गंभीर नाटक जत्रेच्या हंगामात वाडीवर न्यावे, खर्च गावाने वर्गणीने वाटून घ्यावा. आणि प्रयोग संपल्यावर अर्धा तास थांबावे. त्या अर्ध्या तासात भाषण करू नये, ऐकावे.

त्या रात्री घरी पोहोचल्यावर रसिकाने धाकट्या मुलाला आखातात फोन लावला. मुलाने घाबरून विचारले, काय झाले? ‘काय नाय,’ तो म्हणाला, ‘नाटक बघून इलंय.’ पुढच्या वेळी भाचा बोलावील तेव्हा आपण पुन्हा जाणार, असेही त्याने सांगून टाकले. त्याच्या प्रश्नाचे उत्तर मात्र अद्याप कोणी त्याला दिलेले नाही. ते देण्याची जबाबदारी नाटककारांइतकीच आपलीही आहे.