ग्रास कटरचे इंधन : थोडी दक्षता



वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने दिलेल्या काजूच्या सुधारित जाती आज इथल्या डोंगरउतारांवर उभ्या आहेत. या बागांची बेणणी आता अनेक ठिकाणी ग्रास कटरने होते. ऐन हंगामात हे यंत्र बंद पडते, तेव्हा दोष पुष्कळदा इंधनाचा असतो.

टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलमध्ये मिसळलेले टू-टी तेल हेच वंगण होय. ५० ला १ प्रमाणासाठी लिटरला २० मिलिलिटर, २५ ला १ साठी ४० मिलिलिटर तेल लागते. यंत्राच्या पुस्तिकेतील प्रमाण मापानेच घ्यावे. तेल कमी पडल्यास पिस्टन जाम होतो. फोर-स्ट्रोक यंत्राच्या पेट्रोलमध्ये मात्र तेल घालू नये.

२०२५ पासून देशातील पेट्रोलमध्ये सुमारे २० टक्के इथेनॉल असते. ते किनाऱ्यावरील दमट हवेतला ओलावा शोषते. पाणी वाढले की त्यासह तळाशी वेगळे साचते. इंधन टिकविणारी द्रव्ये हे साचलेले पाणी नाहीसे करू शकत नाहीत.

म्हणून महिनाभरात संपेल एवढेच मिश्रण करावे. हंगाम संपताच टाकी रिकामी करून, कार्ब्युरेटरमधील उरलेले इंधन संपेपर्यंत इंजिन चालवावे. ग्रामपंचायतींनी सामायिक यंत्रासोबत मापाची बाटली ठेवावी. लहानशा मापाने मोठी दुरुस्ती टळेल.